वाटीभर उतार

गाडी मुक्कामाला लागली की
मी स्टीलच्या वाटीत काठोकाठ पाणी घ्यायचे
आणि शेगडीशेजारी ठेवायचे.
पाणी ज्या काठावर चढेल
त्या बाजूच्या चाकापुढे निवृत्ती वीट ठेवायचा,
मी गाडी वितभर वर घ्यायचे.
अर्धी वीट, पाव वीट, एकदा नुसती चप्पल.
बाहेरून विचारायचा, "आता?"
"अजून जरा."
"आता?"
मग डोकं आणि पाय एका पातळीत ठेवून
आम्ही झोपायचो,
साल्हेरच्या पायथ्याशी, भंडारदऱ्याला,
एकदा तर काझाला, पेट्रोलपंपामागे.

ओझरच्या एका शाळेची जुनी ट्रॅव्हलर.
अंबडच्या हमीदभाईंनी तिच्यात पलंग बसवला, बेसिन बसवलं,
पांढरा रंग दिला;
दाराच्या बिजागरीत मात्र
शाळेचा पिवळा राहून गेला.
नातेवाईक म्हणाले, साठीनंतर हे काय खूळ.
मी चालवायचे. हा शेजारी बसून
पेरू कापायचा आणि रस्ते चुकवायचा.
नाव निवृत्ती, आणि घरी बसणं ठाऊक नाही.

एकतीस वर्षं प्रेसमध्ये
याच डोळ्यांनी नोटांतल्या चुका शोधल्या.
शाई जरा फाकलेली, आकडा केसभर सरकलेला,
माझ्या हातून सुटला नाही.
आणि म्हसरूळच्या वळणावर डावीकडून आलेला
टोमॅटोच्या क्रेटचा आख्खा पिकअप
मला दिसलाच नाही.
निवृत्ती ओरडला नाही.
माझ्या मांडीवर हात ठेवला फक्त,
आणि तो घरापर्यंत उचलला नाही.

दवाखाना कॅनडा कॉर्नरला.
(कॅनडा म्हणून आम्ही गेलो ते एवढंच.)
यंत्रात हनुवटी ठेवायची,
ठिपका चमकला की बटण दाबायचं.
मला वाटलं, ठिपके फारच कमी सोडतात हे लोक.
मोतीबिंदू काढता येतो, डॉक्टर म्हणाले,
काचबिंदू नाही. गेलेलं परत येत नाही,
उरलेलं सांभाळायचं.
रात्री दोनदा थेंब.
गाडीचं मी विचारलं नाही.
त्यांनीही सांगितलं नाही.
लायसन्सची मुदत श्रावणात संपली,
पेठ रोडला कोणी गेलं नाही.
निवृत्तीचे गुडघे तर केव्हाच
विटेपर्यंत वाकेनासे झाले होते;
शेवटच्या वर्षी तो वीट पायाने ढकलायचा,
मी बघत नाही असं समजून.

मखमलाबादचा एक पिंगळे आला, पोरगेलासा.
गंगापूर रोडला उभी करून
मिसळ विकणार म्हणाला.
पलंग काढणार, तिथे कढई.
खिडकी कापून मोठी करणार.
मी विचारलं, "चाकं?"
"काकू, मिसळीला चाकं कशाला लागतात?"
निवृत्ती इतका हसला की त्याला ठसका लागला.
पैसे त्यानेच मोजले, दोनदा.
मी एक नोट सवयीने उजेडात धरली.

विटा नको म्हणाला पिंगळे.
त्या बाल्कनीत आहेत, चार आख्ख्या, दोन अर्ध्या.
एकीवर काझाचा पांढरा चिखल अजून आहे.
बाई पुसायला गेली तर
मी उगाच तिच्या अंगावर खेकसले.

काल झोप येईना.
स्वयंपाकघरात दिवा न लावता
त्याच वाटीत पाणी घेतलं, ओट्यावर ठेवलं,
मान वळवून वळवून
उरलेल्या नजरेने पाहिलं.
बावीस वर्षं या घरात राहतोय.
पाणी पश्चिमेच्या काठावर
किंचित चढलेलं.

आतून आवाज आला, "आता?"
म्हणजे तोही जागाच.

वाटी उचलली, पाणी पिऊन टाकलं.
"बरोबर आहे," म्हटलं, "झोप."